जोनसची गाय आणि राजाची जहाजपट्टी

मी, ॲम्ब्रोज थर्लो, वय त्रेपन्न, सफोक परगण्यातल्या वेनफोल्ड गावचा चाके घडवणारा सुतार आणि यंदा गावाची पट्टी वसूल करायला नेमलेला कॉन्स्टेबल, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अंगाने धड आहे. पण उद्या मला तुरुंगात नेणार आहेत आणि तिथे तापाची साथ आहे.

राहते घर व परसातली सफरचंदाची झाडे पत्नी मर्सी हिला. तिने पुन्हा लग्न करावे. मात्र गिरणीवाल्याशी नको.

रंधे, वाकस, पटाशा मुलगी ज्युडिथ हिला. लोक हसतील, हसू देत. तिच्या हातचे चाक माझ्यापेक्षा सरळ धावते.

धाकटा भाऊ जोनस याला माझी तपकिरी घोडी. कारण लिहिणे भाग आहे. राजाने दहा वर्षे पार्लमेंट भरवलेली नाही. तिला न विचारताच तो आरमाराच्या खर्चासाठी जहाजपट्टी वसूल करतो. आमच्याकडे निम्म्या गावाने समुद्रही पाहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वीही मीच कॉन्स्टेबल होतो. जोनसने पट्टी नाकारली, म्हणून हुकमाप्रमाणे मी त्याची गाभण गाय जप्तीत सोडून नेली.

"दादा, हा हात तुझा आहे की राजाचा?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "बाजूला हो."

गाय वाटेतच गाभडली आणि मेली. तेव्हापासून जोनस माझ्याशी बोललेला नाही.

यंदा पुन्हा वसुलीचा हुकूम आला. मी म्हणालो, "आधी पार्लमेंट भरवा. तिने होकार दिला तर मी स्वतः दारोदार फिरतो."

हुकूम घेऊन आलेला, परगण्याच्या शेरीफचा माणूस हसला. "पार्लमेंट? ती आता म्हाताऱ्यांच्या गप्पांतच!"

मी हुकूमनामा परत केला. हिंमत म्हणावी, तर तसेही नाही. एवढे लिहिताना तीनदा दाराशी जाऊन आलो. शेरीफच्या त्या माणसाला मी काहीही ठेवत नाही, क्षमासुद्धा नाही. शेजारी बसलेले पाद्रीबाबा म्हणतात, हे वाक्य काढा. राहू दे.

इथवर लिहिले आणि जोनस आत आला. मर्सीनेच बोलावले असावे. पाद्रीबाबांनी त्याला घोडीचे कलम वाचून दाखवले. तो कागदाशी आला. मग म्हणाला, "साक्षीला कोण आहे?"

"मी एक. दुसरा मिळत नाही, सगळे घाबरतात," पाद्रीबाबा म्हणाले.

"मी आहे की."

"वाटेकऱ्याची साक्ष चालत नाही, जोनस."

"मग माझं नाव खोडा."

सबब घोडीचे कलम रद्द. घोडीही मर्सीकडे राहील.

वेनफोल्ड, १४ ऑक्टोबर १६३९

सही: ॲम्ब्रोज थर्लो

साक्षीदार:
सायलस गूडरिच, पाद्री
जोनस थर्लो, लिहिणाऱ्याचा भाऊ (अक्षर येत नाही, फुलीची खूण)