तापल्याशिवाय गाडी हलणार नाही

१२ डिसें. ९६, गुरु.
आजही उशीर. आप्पांची लिंगपूजा आटोपल्याशिवाय गाडीला कुणी हात लावायचा नाही. मग इंजिनावरची झूल काढायची (बैलाची! बैल विकले, झूल राहिली), चोक ओढून किक मारायची आणि अंगणात भडभड चालू ठेवायची. इंजिनाच्या बुडाला तळवा लावला अन् चटका बसला, म्हणजे तेल तापलं. मगच निघायचं. मंगल पर्स घेऊन दारात उभी. वडील झाले म्हणून नवरा-बायकोनं किती ऐकायचं!
केजला पोचलो तेव्हा तिच्या शाळेची प्रार्थना संपली होती.

१३, शुक्र.
युसूफ वडगावच्या पुढे गाडी बंद. प्लग काजळीनं काळाकुट्ट. इतका वेळ चोक ओढून ठेवल्यावर दुसरं काय होणार? रस्त्यात बसून घासला, बोटं आखडलेली. मं. सारखी घड्याळ बघत होती, त्याचाच जास्त त्रास.
केजचा मेस्तरी म्हणाला, "मिनिटभर चालू ठिवा, चोक आत करा अन् हळू निघा. चालता चालता तापतंय त्येल."
घरी सांगितलं. आप्पा म्हणे, "गारठलेल्या बैलाला कुणी लगेच जुंपतं का रं?"
कपाळ!

१६, सोम.
हेडसरांनी मं.ला बजावलं. आणखी एक उशीर, की जानेवारीपासून दुसरी बाई. ऑर्डर हंगामीच, दाद कुठे मागणार?
आप्पांवर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो. "तिची नोकरी गेल्यावर गाडी कशाला तापवता?"
संध्याकाळी चुलीपाशी मं. म्हणाली, "केजलाच खोली बघू. गावातल्या आपल्या दुकानाला तुमी जाऊन-येऊन करा." आप्पा भिंतीपलीकडेच होते. ऐकलं असणार.

१७, मंगळ.
बाहेर आलो तर गाडी तयार. तापलेली, चोक आत, तोंड रस्त्याकडे. आप्पांच्या कपाळाला भस्म नाही. पूजा राहिलेली. पूजेआधी त्यांनी घोटभर पाणी घेतलेलं मला आठवत नाही.
आता राग तरी कुणावर काढू?
शाळेत सगळ्यांच्या आधी. मं. खूष.

१९, गुरु.
थंडी लई. आप्पा खोकतात. म्हटलं, "तुमी झोपा, मी करतो." तर म्हणे, "तुला चटक्याचं कळत न्हाई." वैताग नुसता.
निघताना त्यांनी हँडल धरलं. "आता येळंवर जातीय न्हवं सूनबाई? मग केजला कशाला ऱ्हायचं?"
मी गिअर टाकला.
रविवारी खोली बघायला येतो, असं घरमालकाला सांगून ठेवलंय. नको म्हणून अजून आम्हा दोघांपैकी कुणीच त्याला कळवलेलं नाही.