संघाचा चेंडू गार्डच्या घरी

सर, मला माणसांची किळस आली आहे आणि हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मैदानावर तुमचा विषय निघाला तर पोरं विचारतात, कोणते सर? भातकुलीहून लुनावर यायचात, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, शिट्टी गळ्यात न अडकवता मुठीत धरलेली, हे आठवणारी मोजकी माणसं उरली आहेत. त्यातलीही काही काल अकोल्याहून परत येताना माझ्या मनातून उतरली. रागाने उतरली असती तर राग ओसरल्यावर परत चढली असती. ही शिसारी आहे, ती ओसरेल असं वाटत नाही.

आपल्या कॉलेजच्या मुलांच्या बास्केटबॉल संघात यंदा एक गार्ड आहे. चांदूर बाजारच्या गाद्या भरणाऱ्याचा मुलगा, अंगाने काटकुळा, उंचीला माझ्याएवढा. त्याचं काम तुम्हाला काय सांगायचं? चेंडू वरपर्यंत आणायचा, दोघं अंगावर आले तरी हातचा जाऊ द्यायचा नाही, आणि ज्याला जेव्हा हवा त्याला तेव्हा द्यायचा. स्वतः रिंगकडे क्वचितच बघतो. मी घरचा स्वयंपाक उरकून संध्याकाळी मैदानावर जाते ती हल्ली फक्त त्याला बघायला. चेंडू त्याच्याकडे असला की बाकीची चार पोरं आपापल्या जागी शांतपणे पळतात, आणि तो बाहेर आला की तीच पोरं बाजारात चुकल्यासारखी करतात. विद्यापीठाचा संघ अजूनही अंतिम सामना बघूनच निवडतात. त्या संघात नाव आलं असतं तर त्याची वसतिगृहातली खोली आणि मेस पुढच्या वर्षी चालू राहिली असती. नाही आलं तर चांदूर बाजार आणि कापूस पिंजायचं यंत्र. हे पायऱ्यांवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत असूनही ते बोलत होते.

पायऱ्या म्हणजे आपल्याच त्या सिमेंटच्या. तिथे आता एक मोबाइलच्या दुकानाचा मालक बसतो. पोरांच्या जर्सीच्या पाठीवर त्याच्या दुकानाचं नाव आहे, त्यामुळे पोरंही आपलीच आहेत असं त्याला वाटतं. जन्मात कधी चेंडूचा टप्पा पाडला नसेल, पण गिला वड्याची प्लेट हातात आली की याच्यासारखा जाणकार अमरावतीत नाही. उपांत्य सामन्यात तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत होता, “हा पोट्टा करते काय, ते सांगा मले. पॉइंट किती त्याचे? नुसता बॉल घेऊन फिरून राहिला.” मागून कुणीतरी म्हणालं, “भौ, पास तर तोच देऊन राहिला ना.” त्यावर हा हसला. “पास काय, मी बी देतो. बोर्डावर दाखव त्याचा पास.” सगळे हसले. त्यात दोन मास्तर होते आणि आपल्या वेळचा एक खेळाडू होता. वड्याचं ताक बोटांनी चाटत माणसं एका पोराची किंमत करत होती, आणि तो पोरगा समोर, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, बुटाची नाडी बांधत होता.

तेव्हा मला तुमचं मोर्शीच्या सामन्यातलं बोलणं आठवलं, मी मुलींच्या संघात गार्ड होते तेव्हाचं. मामा सामना बघायला आलेला, म्हणून मी तीन वेळा स्वतःच रिंगवर मारायला गेले. तुम्ही मला बाहेर बोलावलंत. मी धापा टाकते आहे, तुम्ही माझ्याकडे बघतही नाही आहात, नजर मैदानावर. “पॉइंट मोजायले टेबलावर मानूस बसवला हाय,” तुम्ही म्हणालात. “त्याचं काम त्याले करू दे. तू बॉल सांभाळ.” आणि परत आत पाठवलंत. मामाला वाटलं माझा अपमान झाला. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझं म्हणून एक काम आहे.

त्याच हिवाळ्यात एकदा सराव संपल्यावर तुम्ही संघाचा चेंडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “हा तू नेत जा घरी.” बस, एवढंच. कातडी चेंडू एकच होता, बाकीचे रबराचे. मैदानाच्या खोलीत उंदीर झाले होते हे मला माहीत होतं. पण मी ते मनात आणलं नाही. गार्डच्या घरी चेंडू राहतो, हा सरांचा नियम आहे, असं मी सगळ्या मुलींना सांगितलं आणि तुम्ही कधी ते खोडून काढलं नाहीत. आईने कातडी वस्तू स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, तिथे देव होते. मग मधल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीवर चेंडू ठेवायचं ठरलं. तो तिथून घरंगळायचा आणि धाकट्या बहिणीच्या अंगावर पडायचा. शेवटी आईनेच जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली, पाण्याच्या गुंडीखाली घेतात तशी, आणि चेंडू त्या चुंबळीत बसला. मी सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघायची. चेंडू आमच्या घरी आहे म्हणजे संघ आमच्या घरी आहे, असं मला वाटायचं. तुम्हाला सांगते, लग्नात सासूने गळ्यात पोत घातली तेव्हाही इतकं भारी वाटलं नव्हतं.

तुम्ही एकदाच आमच्या घरी चहाला आलात. बाबांनी आशेने विचारलं, “पोरगी पुढे जाईल का हो खेळात?” दुसरा कुणी असता तर चहाला जागून हो म्हणाला असता. तुम्ही बशीत चहा ओतलात, एक घोट घेतलात, आणि म्हणालात, “नाई. उंची नाई तिची. शॉट बी नाई. पन बॉल जाऊ देत नाई हातचा.” बाबांनी मान हलवली. आईने मात्र तुम्हाला दुसरा चहा विचारला नाही. मी दाराआड उभी होते. पहिली दोन वाक्यं खरी होती म्हणून तिसरंही खरंच असणार, असा मी हिशेब केला आणि त्यावर सगळं आयुष्य काढलं.

आता ऐका पुढचं. अंतिम सामन्याच्या आधी माजी खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दुकानदाराने मतदान ठेवलं. गार्डला खेळवायचं की बसवायचं. खेळाडू नसून हा ग्रुपवर कसा, तर जर्सीमुळे. पोरगा मैदानावर, आणि निकाल लावणार सोफ्यावर बसलेली मंडळी. बघता बघता ‘बसवा’ची रेघ लांबत गेली. कुणी हसणारी तोंडं टाकली, कुणी झोपलेल्या माणसाचं चित्र टाकलं. कोणी कुठे बोट दाबलं तेही त्यात दिसतं. ‘बसवा’ म्हणणाऱ्यांत आपली शूटर होती. हो, तीच, आपल्या संघाची. तिचे सगळे गुण कुणाच्या हातून तिच्या हातात गेले हे मी नाही सांगत, तुम्हीच बघितलं आहे. ती कुठे पोचणार हे तिला कळायच्या आधी चेंडू तिथे असायचा. मी ‘खेळवा’ दाबलं. आम्ही एवढे थोडे होतो की मलाच लाज वाटली, आणि लाज का वाटावी म्हणून पुन्हा संताप आला. हल्लीचे सर कंत्राटावर आहेत. माणूस वाईट नाही, पण जर्सीवाल्याचं ऐकावं लागतं, संस्थेचंही ऐकावं लागतं. त्यांनी अकोल्यातल्या अंतिम सामन्यात गार्डला बाहेर बसवलं आणि त्याच्या जागी आणखी एक उंच शूटर खेळवला.

मी दुकानदाराच्याच गाडीतून गेले होते, आपली शूटरही होती. वाटेत दोघांची तोंडं बंद नव्हती. सामना दुपारचा. पहिला अर्धा भाग आपला चांगला गेला आणि दुकानदार माझ्याकडे वळून वळून बघत होता. मध्यंतरानंतर अकोल्याच्या पोरांनी पूर्ण मैदानभर अंगाला अंग लावून अडवायला सुरुवात केली. मग काय व्हायचं तेच झालं. आपल्या पोरांना चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे नेता येईना. एकाने बाहेर फेकला, एकाने सरळ त्यांच्याच हातात दिला. आघाडी वितळायला लागली तेव्हा सरांनी घाबरून त्या पोराला आत पाठवलं. सर, तुम्ही असायला हवं होतं. तो आत गेला आणि पहिल्यांदा नुसता थांबला. दोघं अंगावर आलेले, आणि हा खाली वाकून टप्पा पाडत उभा. मग त्या दोघांच्या मधून निघाला आणि रेषा ओलांडून समोरच्या आपल्या पोराला चेंडू देऊन मोकळा. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. अकोल्याची पोरं दमली, मागे हटली, अडवणं बंद झालं. आपली आघाडी जागेवर थांबली. त्याने गुण एकही केला नाही. शेवटच्या भागात पायऱ्यांवरून आपलेच लोक ओरडायला लागले, “शूटर टाका, शूटर!” आणि सरांनी त्याला बाहेर काढलं. बाहेर येऊन त्याने दुसऱ्याला टॉवेल दिला. आपण जिंकलो. लगेच मैदानावरच विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली. दोन्ही शूटर त्यात होते. तो नव्हता.

येताना मूर्तिजापूरला पोरांची बस आणि आमची गाडी एकाच टपरीवर थांबली. दुकानदाराने सगळ्यांना भजी सांगितली. “सांगा आता,” तो म्हणाला, “जिंकलो का नाई त्याच्यावाचून?” मी म्हटलं, त्याच्यावाचून नाही, मध्ये तो खेळला म्हणून जिंकलो. तर म्हणतो, “मॅडम, शून्य पॉइंट.” जणू शून्य म्हटलं की देवाने सही केली. तेव्हा आपली शूटर भजी मिरचीला लावत बोलली, “अवं, आमच्या टाइमले बी गार्ड-बिर्ड काई नव्हतं. बॉल तर कोनी बी आनून देते वरपर्यंत. टाकनारी पायजे.”

“मी होती ना बाई गार्ड,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. नाटक नव्हतं ते, खरंच आठवत होती. “तू?” ती म्हणाली. “मले वाटे तू एक्स्ट्रात होती.”

तोंडातलं भजं मला गिळवेना. मी ते कागदात थुंकलं आणि तिथून उठले. मला तिची किळस आली, त्याची आली, भज्यांच्या तेलाची आली, टपरीवर जिंकल्याच्या आनंदात एकमेकांच्या पाठी थोपटणाऱ्या त्या सगळ्या माणसांची आली. एखादा खेळाडू तुमच्या डोळ्यांसमोर खेळतो, तुमच्यासाठी खेळतो, आणि तुम्हाला तो दिसतच नाही. आणि न दिसल्याची लाज वाटण्याऐवजी तुम्ही त्याच्यावर मतदान घेता.

तो पोरगा बसच्या पायरीवर चहा घेत एकटा बसला होता. मी जवळ गेले तर उठून उभा राहिला. मी म्हटलं, बस, बस. मग विचारलं, तुमच्या संघाचा चेंडू कुणाजवळ असतो?

“कोनाजवळ म्हंजे? खोलीत राहते मॅडम, जाळीत. कुलूप हाय.”

मग मी त्याला तुमचं सांगितलं. कातडी चेंडू, ज्वारीची कोठी, आईची चुंबळ. आमच्या सरांच्या काळात संघाचा चेंडू गार्डच्या घरी राहायचा, असं मी जरा ठासून सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या नाही, गार्डच्या. तो ऐकत होता. सबंध दिवसात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं काही आलं. आणि मग त्याने विचारलं. खवचटपणे नाही. चेंडू कुठून कुठे गेला आणि का गेला हे बघायची सवय असलेल्या पोराने विचारावं तसं.

“मॅडम, तुमचं घर ग्राउंडच्या जवळ होतं काय?”

सर, आमचं घर मैदानाच्या भिंतीला लागून होतं. तुम्ही कधीकधी भिंतीवरूनच चेंडू आमच्या अंगणात टाकायचात आणि आईला हाक मारायचात. शूटर राहायची गांधी चौकाच्या पलीकडे, बाकीच्या मुली त्याहून लांब. इतक्या वर्षांत मी आमचं घर आणि तुम्ही दिलेला चेंडू या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या. त्या पोराने एका घोटात ठेवल्या.

मी म्हटलं, “नाही रे. लांब होतं, बडनेऱ्याला. सायकलवर न्यायची मी.”

त्याने मान हलवली. “मंग तर सरांनी पाहूनच देला असन,” म्हणाला आणि उरलेला चहा संपवला. बस सुटायच्या वेळी पोरांनी हाका मारल्या तसा तो आत गेला. चांदूर बाजारला जाईल तो आता. निदान तेवढं घेऊन जाईल.

तो चेंडू अजून माझ्या कपाटावर आहे, हवा गेलेला. शेवटच्या वर्षी तो परत द्यायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, “ठेव तुयाजवळच, गेला आता कामातून.” मी ते बक्षीस समजले होते. काल रात्री त्याच्याकडे बघायचं टाळून झोपले. हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायला पत्ता नाही, हे तर आहेच. पण तुम्ही आज भातकुलीला असतात तरी पाठवलं नसतं. तुम्ही उत्तर दिलं असतं, आणि खरं दिलं असतं.