आईच्या दातावरचा थर

३ जून
आईच्या पुढच्या दाताला चिकटवलेला तुकडा पुन्हा निघाला! दीड महिन्यात तिसऱ्यांदा. बाबा वैतागले म्हणावं, तर खुर्चीवरची चादर काढताना शीळ घालत होते. दातांचा दवाखाना बंद केला तेव्हा पेशंटची खुर्ची तेवढी घरी आणली. पेशंट एकच – आई. म्हणाले, हल्ली मालच भिकार येतो.

मी शेजारी उभी होते. तुकडा बसवण्याआधी दाताला बाँडिंग, म्हणजे चिकटवायचं पातळ द्रव लावतात, त्याचा एक हात दिला, मग दुसरा, मग तिसरा. हवा मारून पसरवलंही नाही धड. कोपऱ्यात चक्क डबकं!

मी जरा कुरकुरले, तर म्हणाले, "घरचं माणूस आहे, हात आखडता कशाला घ्यायचा?"

आई आ वासलेल्या तोंडानंच हसली.

७ जून
डेंटल कॉलेजच्या लॅबमध्ये, पेशंटच्या काढलेल्या दातांवर तीन तऱ्हेचे थर देऊन पाहिले – हवेनं जवळजवळ उडवलेला, पातळ पण एकसारखा, आणि बाबांसारखा. मग मशीननं ओढले. बाबांसारखे थर मधूनच फाटले. उडवलेले मुळात नीट घट्टच झाले नव्हते. एकसारखे पातळ मात्र हटून बसले. बाबांचं प्रेमच आड येतंय. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? त्यांची चाळीस वर्षं, माझी सहा.

९ जून
धीर होत नाही.

१२ जून
चौथ्यांदा निघाला. सांगून टाकलं. लॅबमधल्या चाचणीचा आलेख पुढे ठेवला. बाबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग तूच बसव," एवढंच म्हणाले, आणि दिवा धरून उभे राहिले.

एकच हात दिला, हलकी हवा मारली. मग तुकडा दाबून बसवला.

२० जून
दात पक्का. मी बरोबर ठरले – आणि घर गप्प झालं. बाबा दुपारभर पडून असतात. जेवतात दोन घास. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे साठलेत. मला माझाच राग येतो.

२१ जून
आईनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि एक चमचा दाखवला. दांडा वाकलेला.

"तुझं निघतच नाही गं," म्हणाली. "ह्यांचं कसं, एका झटक्यात यायचं. एवढं काढून दे मला, मग बघ कसे उठून बसतात."

देते म्हटलं.