कोटाच्या खांद्यावर

सांगली, १२ जानेवारी १९४७

ती. गं. भा. अक्कास,
आकारामाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे खुशाल. फोटोच्या दुकानाचे मालक बाळगोंडाअण्णा यांनी मला जुना बॉक्स कॅमेरा वीस रुपयांत दिला. कृष्णाकाठी पाखरांचे फोटो काढले, पण सगळी तिळाएवढी. जवळ जावं तर उडतात. अण्णा म्हणतात, लांबचं भिंग घे. किमतींचं पत्रक सोबत आहे, भिंग तीनशेचं. एक पाखरू नीट आलं तर अण्णा दुकानाच्या दर्शनी काचेत लावणार. तुझ्या पाटल्या नाहीतरी पेटीत पडून आहेत. मोडल्या तर? रागावू नकोस.

तुझा आकाराम

वाठार, ता. कराड, १९ जानेवारी

चि. आकारामास अनेक आशीर्वाद.

पत्रक दोनदा वाचलं. कॅमेरा ठेवायच्या तिपाईला चाळीस रुपये? तेवढ्यात इथं दुभती शेळी येते, आणि तिला पाय चार असतात.

पाटल्या पडलेल्या नाहीत, ठेवल्यात. तुझे दाजी ब्रह्मदेशाच्या लढाईवर जाताना करून गेले. पुढच्या रजेत सांगलीत फोटो काढू म्हणाले होते. ती रजा आली नाही. घरी राहिलेल्या त्यांच्या लष्करी कोटाला कसर लागली, म्हणून तो शाळवातल्या बुजगावण्याला चढवला. धाकटी जाऊ रंगू हसली. म्हणाली, आवं बाई, बुजगावण्याला कुणी असलं कापड घालतं व्हय? पाखरंही भ्याली नाहीत. रोज सकाळी एक कोतवाल त्या खांद्यावर येऊन बसतो.

समोर कडब्याची खोप आत्ताच घालते, पाखरांना सवय होऊ दे. तू ये, आत बस. खोकू नकोस.

तुझी अक्का

सांगली, ११ फेब्रुवारी १९४७

ती. अक्कास सा. न.

कोतवाल दुभंगलेल्या शेपटीसकट आला! अण्णांनी फोटोतला खालचा कोट कापून नुसतं पाखरू मोठं केलं, काचेत लावलं. न कापलेली प्रत तुला पाठवतो. भिंगाचं राहू दे.

आकाराम

वाठार, १८ फेब्रुवारी

चि. आकारामास आशीर्वाद.

फोटो पोचला. पाखरू छान आहे. त्या दिवशी खोपीत कॅमेरा हलू नये म्हणून गुडघ्यावर टेकवून धरला होतास. तिपाईचे पैसे धाडते. शेळी पुढच्या साली बघू.

बुजगावण्याचं मडकं सावलीत गेलंय. खांदे तेवढे दिसतात, तुझे दाजी उभे राहत तसे. फोटो रंगूच्या हाती दिला. हसेल म्हणून मी वाट पाहत होते. थोरले दीर समोर आल्यावर घ्यायची, तसा तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

देव्हाऱ्याशेजारी लावलाय. बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का