स्थिर हात

खापरखेडा, ४ नोव्हेंबर

चि. शामलास अनेक आशीर्वाद.
फोनवर बोललो की दुर्गेश दाराआड उभा राहतो, म्हणून लिहितो. पोराचं साक्षगंध पुढच्या रविवारी ठरलं. वैभवी गुणाची मुलगी आहे. त्याच्या गोळ्या दिवाळीपासून बंद केल्या. त्या गोळ्यांनी अंगठी घालताना हात थरथरला तर पाहुण्यांत काय दिसेल? आता हात अगदी स्थिर. झोपत नाही, पण तुझी वहिनी म्हणते, लग्न ठरलं की पोट्टे असेच जागतात. वीज केंद्राचा आवाज होतो म्हणून कानात कापूस घालतो, इतकंच. आहेरात भाषण आणू नकोस, माया आण.
तुझा दादा, चंपतराव

अमरावती, ७ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.
तुम्ही फोन उचलत नाही. माझा पाय प्लास्टरमध्ये नसता तर मीच आले असते. मागच्या वेळीही कापसापासूनच सुरुवात झाली होती. वीज केंद्राची चिमणी आपलं नाव घेते म्हणत तो अनवाणी निघून गेला, ते विसरलात? दाराआड उभं राहणं, जागणं, कापूस: आजार परत येण्याआधी सांगतो आहे आणि तुम्ही त्याला लग्नाची हुरहूर म्हणता. हात थरथरतो तर डॉक्टर औषध बदलून देतात. तुमची साखरेची गोळी पाहुण्यांपुढे गिळता ना? मग याच्याच गोळीची लाज कसली? आजच त्याला रामदासपेठेतल्या त्याच्या डॉक्टरांकडे न्या. वैभवीला खरं सांगा. पोरीला अंधारात ठेवून घातलेली अंगठी मी मानणार नाही.
रागवा, पण मला परकी करू नका.
शामला

खापरखेडा, ११ नोव्हेंबर

चि. शामला,
तुझं पत्र आज मिळालं. काल साक्षगंधाच्या सकाळी त्यानं आतून कडी घातली. पाहुणे परत गेले. आईच्या हातचं पाणीही घेत नाही, त्यात विष आहे म्हणतो. काहून असं करून राहिला गा, असं मी दाराबाहेरून विचारलं. तर म्हणाला, तुम्हीच माझी गोळी बंद केली, मले संपवायले. शामला, अर्धं खरं बोलला तो. फोनवर बोललो तर तो आतून ऐकेल. हे पत्र शेजारच्या सुमंतच्या हाती देतो, त्याच्याच गाडीत बसून ये. दादावरचा राग नंतर काढ.
चंपतराव

खापरखेडा, २० डिसेंबर

ती. आत्यास सा. न.
प्लास्टरचा पाय घेऊन तू दाराबाहेर बसलीस, म्हणून मी कडी काढली. दवाखान्यातून घरी आलो. बाबा माझ्यासोबतच आपली गोळी घेतात. मी कानाकडे हात नेला की आईनं तुला फोन करायचा, माझ्यासमोर, हे मीच ठरवलं. वैभवीला सगळं लिहिलं, उत्तर नाही. येणारही नाही. काही रात्री वाटतं, दार उघडलं नसतं तर बरं झालं असतं. म्हणून तुला लिहितो.
नवं औषध सौम्य आहे, तरी हात हलतो. अक्षर वाईट दिसेल म्हणून बाबा लिहून देत होते. मी नको म्हटलं. जीव लावलास, तसाच लावत राहा. आणि ज्या दिवशी माझं अक्षर एकदम सुबक येईल, त्या दिवशी पहिल्या गाडीनं ये.
दुर्गेश