अकारविल्हे लावलेलं फाटक

तीर्थरूप काकांना,

सविनय नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, काकूंच्या डोळ्यांत औषध वेळेवर जातं ना, आणि तुमच्या चष्म्याची दांडी अजून दोऱ्यावरच तग धरून आहे का, हे तीन प्रश्न मी गेल्या तीन आठवड्यांत सात वेळा संदेशाने विचारले. एकाचंही उत्तर आलं नाही. फोन करावा तर तोही तुमच्या नेटच्या डबीवरूनच चालतो, आणि डबी रुसलेली. म्हणून हा कागद. (शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तरी तुम्ही लाल पेन घेऊनच वाचाल, हे मला माहीत आहे.)

मी बरी आहे. नोकरीही अजून आहे, आणि हे 'अजून' मी विचार करून लिहिलं आहे. आमच्या कचेरीत वीस-बावीस दवाखान्यांच्या तपासण्यांचे अहवाल ठेवणारी यंत्रं सांभाळतात. माझे वरिष्ठ मितभाषी आहेत. दिवसाला नऊ-दहा शब्द बोलतात, म्हणून सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात. जे बोलत नाहीत ते सगळं त्यांनी एका फाइलीत लिहून ठेवलं आहे. तिला कचेरीत नुसतं 'वही' म्हणतात. काका, ती वही वाचताना मला जे वाटलं, ते लहानपणी तुमच्या ग्रंथालयात कार्डांचं कपाट पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलं होतं. एकेक ओळ, फार तर दीड. एक ओळ लिहिली की यंत्राचं पोट कोणत्या फायलींनी फुगलं आहे ते मोठ्यापासून लहानापर्यंत समोर येतं. नुसती आडवी रेघ मारली की मघाशी ज्या फोल्डरमध्ये होतो तिथे परत जाता येतं. (आयुष्यात अशी रेघ कुठे मिळते, ते मौनीबाबांना विचारायचं राहिलं आहे.) आणि यंत्राने 'तुला हा अधिकार नाही' असं फटकारलं, तर पुढच्या ओळीत अधिकाराचा एक शब्द आणि दोन उद्गारचिन्हं लिहायची, की तेच काम ते मुकाट्याने करतं. तुम्ही मला निबंधात वर्षाला एक उद्गारचिन्ह मंजूर करत होतात. इथे दोन चिन्हांवर यंत्र हलतं. मी ती ओळ पहिल्यांदा चालवली तेव्हा उठून पाणी पिऊन आले.

मात्र वहीतली एक ओळ मला कळली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, 'फाटकाला हात लावण्याआधी ही टाका.' फाटक म्हणजे यंत्रात कोणाला येऊ द्यायचं त्याची यादी. ही यादी वरून खाली वाचली जाते, आणि जी ओळ आधी लागू पडेल तिथे निकाल लागतो. (हे मला आता माहीत आहे.) प्रत्येक ओळीला मौनीबाबांनी मराठीत नाव दिलं होतं: रुग्णनोंद, प्रयोगशाळा, दवाखाने, लेखा, कचेरी, आणि शेवटी 'इतर सर्वांना मज्जाव'. मला त्यात फक्त एक नवा दवाखाना घालायचा होता. पण ती विस्कटलेली यादी पाहून मला राहवेना. मी चार वर्षांची असताना तुम्ही जेवणाच्या टेबलावर शिकवलंत की अकारविल्हे लावलेली वस्तू हरवत नाही. शाळेत जायच्या आधीच मी घरातली भांडी अकारविल्हे लावली होती, आणि काकूंना झारा आठवडाभर सापडला नव्हता, तो 'झ' खालीच होता तरी. तर मी यादी अकारविल्हे लावली. स्वर आधी, मग व्यंजनं. काका, 'इतर' मधला 'इ' स्वर आहे. मज्जाव सगळ्यांच्या वर जाऊन बसला.

सकाळचे अकरा वाजले होते. आधी प्रयोगशाळा बाहेर पडली, मग दवाखाने, मग मी स्वतः. यंत्रं दुसऱ्या इमारतीत, त्या खोलीची किल्ली मौनीबाबांच्या खिशात, आणि मौनीबाबा दाढ काढायला गेलेले. एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "पेशंट टेबलावर आहे, रिपोर्ट दिसत नाहीये. काय करू, अंदाजाने कापू?" मी म्हटलं, "नको." एवढंच सुचलं. माझ्या नोकरीचा परिवीक्षाकाळ या महिनाअखेर संपतो. पण खरं सांगते, त्या वेळी मला नोकरी आठवली नाही, ते टेबल आठवत होतं.

आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी फाटक उघडलं. आपोआप. मी तर हात जोडून बसले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिसला हो, थँक्यू," आणि मी ते थँक्यू चोरासारखं घेतलं. ती न कळलेली ओळ मी आधी टाकली होती. नुसती उतरवून काढली, तुमची 'समजल्याशिवाय उतरवायचं नाही' ही ताकीद मोडून. तिचा अर्थ असा: जुन्या यादीची एक प्रत ठेव, आणि दहा मिनिटांत ही पोर येऊन 'सगळं ठीक आहे' म्हणाली नाही, तर तिचं काही ऐकू नकोस, जुनी यादी परत लाव. काका, कोणीतरी चुकेल हे धरून, त्याच्यासाठी आधीच दार किलकिलं ठेवणारी ओळ मी आजवर पाहिली नव्हती.

मौनीबाबा सुजलेल्या गालाने परतले. मी कबुलीजबाब आणि राजीनामा दोन्ही लिहून ठेवले होते. (टाचणी लावून, कबुलीजबाब वर.) त्यांनी वाचलं, राजीनाम्याची मागची कोरी बाजू हिशेबाला ठेवून घेतली, आणि म्हणाले, "ती ओळ मी का लिहिली असेल?" मग उत्तरही त्यांनीच दिलं, "चौदा वर्षांपूर्वी. मीच. दोन दिवस बंद होतं." मग त्यांनी मला आणखी एक प्रश्न विचारला. तो इथे लिहीत नाही, पत्र लांबलं.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची आज्ञाधारक पुतणी

ता. क. तो प्रश्न असा होता: "अजून कुठे कुठे लावलंस अकारविल्हे?" मी 'कुठेच नाही' म्हणणार होते, आणि एकदम तुमची नेटची डबी आठवली. शेजारचे तुमचं नेट फुकट वापरतात म्हणून मी आले होते तेव्हा तिच्यात यादी केली होती: काका, काकू, टेबलावरचा संगणक, इतरांना बंदी. निघताना तुम्हाला आवडेल म्हणून ती नीट लावली. डबी पुन्हा सुरू झाल्यावर तो बदल लागू होतो. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, वीज गेली होती तेव्हा.

आणखी ता. क. काकूंनी शेजारच्यांच्या फोनवरून कळवलं, की तुम्ही नेटवाल्याला 'तुला जोडणीतलं ओ की ठो कळत नाही' असं सुनावून दारातूनच परत पाठवलंत आणि तो आता येत नाही. (तेव्हा खरं सांगता आलं नाही. ज्यांच्यावर बंदी घातली, त्यांच्याच फोनवर कबुली कशी देणार?) त्याची काही चूक नव्हती. मौनीबाबा म्हणतात, घरचं सरळ झाल्यावरच मला नोकरीत कायम करण्याच्या कागदावर सही. तेव्हा एवढं करा. डबीच्या मागे बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दहा आकडे होईपर्यंत दाबून धरा, सगळं कोरं होईल. पण कोऱ्या डबीला नवी जोडणी फक्त नेटवालाच देऊ शकतो, म्हणून त्याआधी त्याची माफी मागा. आधी माफी, मग टाचणी. कृपा करून अकारविल्हे लावू नका.