सहावा ठोकळा

दादा,

कालपासून तीनदा फोन केला. वहिनी म्हणते, आंघोळीला गेलाय. तिन्ही वेळा?

शाळेच्या बांधकामाची जबाबदारी माझ्यावर आहे आणि काँक्रीट तपासतोस तू. तुझे रिपोर्ट जुळ्या भावंडांसारखे यायला लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून दुसऱ्या स्लॅबच्या काँक्रीटचे नमुना-ठोकळे तुझ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर सहा लिहिले आणि पाचच पाठवले.

काल रिपोर्ट आला. दाबून फोडलेले सहाच्या सहा ठोकळे पास, खाली तुझी सही. सहावा माझ्या टेबलाखाली अख्खा पडलाय रे!

मी लगेच काम थांबवलं. या इमारतीत पोरं धावणार आहेत. साहेब खवळले, "कारण काय?" तुझं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "सिमेंट संपलंय." त्यांनी खिडकीतून गोदामाकडे पाहिलं. पोत्यांची थप्पी छताला टेकली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मी तुझ्या सहीकडे पाहते तसं.

हे पत्र त्या ठोकळ्याखालीच ठेवते. आपल्या दोघांविरुद्धचा पुरावा एकाच जागी असलेला बरा.

तुझीच,
धाकटी